चांदीवरचा ड्रॅगन आणि एक खोटे नाणे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, दिलेले भाषण)



माजी विद्यार्थ्याने मेळाव्यात बोलायचे म्हणजे शाळेच्या आठवणी सांगायच्या, असा प्रघात आहे. मीही एक आठवण सांगणार आहे. पण तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मला तुम्हांला थोडे चीनमध्ये न्यावे लागेल. समोरच्या मेजावर दोन नाणी ठेवली आहेत. दोन्ही दिसायला सारखी. दोहोंवर एका बाजूला चिनी अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला वेटोळे घातलेला ड्रॅगन. त्यांतले एक खरे आहे, एक खोटे. खरे नाणे मी बारा वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतले. खोटे नाणे माझ्याजवळ लहानपणी आले आणि आज बावन्न वर्षे ते या शाळेच्या कपाटात आहे. या दोहोंपैकी कोणत्या नाण्याने मला अधिक शिकवले, हे भाषणाच्या शेवटी तुम्हीच ठरवा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी ठाऊक असेल, की कोलकात्यातील मराठी वस्तीत गलाईवाल्यांची घरे पुष्कळ. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, विटा या दुष्काळी टापूतून आपली माणसे सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन साऱ्या हिंदुस्थानभर पांगली. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, त्यांतलेच एक. बहूबाजारच्या एका बोळात त्यांची भट्टी होती. १९६४ साली ही शाळा सुरू झाली, तेव्हा पहिल्या इयत्तेच्या पहिल्या तुकडीत मी होतो. शाळा सुटली की दप्तरासकट दुकानी जायचे, आणि भट्टीपासून दोन हात लांब पोत्यावर बसून पाढे म्हणायचे, हा माझा नेम.

१९६७ सालच्या पावसाळ्यात एक वृद्ध चिनी गृहस्थ दुकानात आले. बेंटिंक स्ट्रीटवर त्या काळी चिनी चर्मकारांची बुटांची दुकाने ओळीने होती; त्यांतल्या एका दुकानात ते काम करीत. आबांची आणि त्यांची तोंडओळख होती. त्यांनी फडक्याची गाठ सोडून अकरा नाणी गादीवर ठेवली. ‘वडिलांनी गावाहून येताना आणली होती,’ एवढेच ते बंगाली-हिंदी मिसळून म्हणाले; आणि पुढे म्हणाले, ‘माझ्यासमोर गाळा.’

गिऱ्हाइकाने समोर गाळा म्हणणे नवे नव्हते. चांदी बदलली जाईल अशी शंका पुष्कळांना असते. पण त्यांचे कारण निराळे होते, हे मला फार पुढे उमगले. १९६२च्या युद्धानंतर भारतातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बायकामुलांसह, राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले होते. जे मागे राहिले त्यांच्यावरही संशयाची सावली होती. घरात चिनी अक्षरांची वस्तू असणे हेच ज्या माणसाला जड वाटू लागले होते, त्याला नाण्यांची किंमत जशी हवी होती, तशीच त्यांच्यावरची अक्षरेही पुसून हवी होती.

आबांनी एकेक नाणे दगडावर टाकून त्याचा नाद ऐकला. दहा नाणी खणखणीत वाजली. अकरावे बद्द वाजले. आबांनी त्याची कड कसोटीवर घासली. पांढऱ्याखालून पिवळे डोकावले. ते नाणे त्यांनी बाजूला काढून परत केले आणि उरलेली दहा मुशीत टाकली. सुमारे तेवीस तोळे भार. टाकणखार पडला, भात्याचा सूर लागला, आणि मी पाढे विसरून पाहत राहिलो. आधी ड्रॅगनच्या मिशा गेल्या, मग खवले, मग सगळे नाणेच ओघळले. हीण वजा जाता जो भाव झाला तो त्या गृहस्थांनी मोजून घेतला. जाताना बद्द नाणे माझ्या हाती ठेवून ते म्हणाले, ‘खेळायला घे.’

त्या दहा नाण्यांवर काय लिहिले होते, ती कोणत्या प्रांताची होती, कोणत्या सालची होती, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. ती खरी होती म्हणून गेली. अकरावे खोटे होते म्हणून उरले.

आता त्या नाण्यांची कुळकथा सांगतो.

चीनमध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ नाणे म्हणजे मधोमध चौकोनी भोक असलेला तांब्याचा किंवा पितळेचा ओतीव चकतीसारखा तुकडा. मोठ्या व्यवहाराला चांदी लागे. पण ती नाण्याच्या रूपात नसे, बहुधा होडीच्या आकाराच्या लगडींच्या रूपात असे आणि तोलून दिली-घेतली जाई. तोलाचे परिमाण टेल. एका टेलाचे दहा मेस आणि एका मेसचे दहा कँडरीन. यांतला ‘मेस’ हा शब्द मलायी भाषेतून युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी आला आणि त्याचे मूळ संस्कृत ‘माष’ म्हणजे उडीद या शब्दात आहे, असे मानले जाते. आपल्या तोळा-मासा-गुंज या मापांतला मासा तोच. नाव एक, वजन मात्र निराळे: आपला मासा एक ग्रॅमच्या आतबाहेर, चिनी मेस पावणेचार ग्रॅमच्या जवळ.

मग परदेशी चांदीची नाणी आली. स्पेनच्या राजाचे डॉलर आले. १८५० नंतर गरुडाची मुद्रा असलेले मेक्सिकोचे डॉलर आले. या चांदीच्या उलट्या प्रवासात आपल्या मुंबईचाही हात आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि तिच्या मोबदल्यात चीनमधून चांदी बाहेर पडे. मुंबईतील कित्येक मोठ्या पेढ्यांची भरभराट या व्यापारावर झाली. दक्षिण चीनच्या बंदरांत नाणी पारखण्याचे काम करणाऱ्या माणसाला इंग्रज ‘श्रॉफ’ म्हणत. हा आपला सराफ; मूळ अरबी, पण भारतातून तिकडे गेलेला. हाँगकाँगमध्ये आजही वाहनतळाच्या पैसे भरण्याच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ अशी पाटी असते.

१८८७ साली ग्वांगडोंग व ग्वांगशी या प्रांतांचे महाराज्यपाल झांग झिडोंग यांनी सम्राटाला विनंतिपत्र लिहिले: परकी नाणी आपल्या बाजारात चालतात, तर आपले नाणे आपण का पाडू नये? इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या राल्फ हीटन यांच्या कारखान्यातून यंत्रे आली आणि १८८९ साली कँटनची टांकसाळ सुरू झाली. नाण्याचे साचे कोरले ॲलन वायन यांनी. हे वायन घराणे आपल्याला परके नाही. आजीच्या पेटीत राणी व्हिक्टोरियाचा १८४०चा रुपया असेल, तर त्यावरची राणीची मुद्रा याच घराण्यातील विल्यम वायन यांच्या हातची.

पहिल्या नाण्यांची एक चूक विचार करण्यासारखी आहे. मेक्सिकोच्या डॉलरला मागे सारायचे म्हणून कँटनच्या नाण्यात त्याच्यापेक्षा किंचित अधिक चांदी घातली गेली. वजन ठेवले ७ मेस ३ कँडरीन. हेतू उदात्त होता. पण बाजाराचा न्याय असा, की दर्शनी मोल सारखे असलेल्या दोन नाण्यांपैकी भारी नाणे लोक साठवतात किंवा गाळतात आणि हलके नाणे खर्चतात. म्हणून वजन ७ मेस २ कँडरीनवर आणले गेले. आजच्या मापात सुमारे पावणेसत्तावीस ग्रॅम, नव्वद टक्के चांदी. पहिल्या नाण्यांवर चिनी अक्षरांभोवतीच इंग्रजी मजकूर होता. पुढे तो ड्रॅगनच्या बाजूला हलवण्यात आला. मग एका बाजूला वरच्या कडेला प्रांताचे नाव, मध्ये ‘ग्वांगशू युआनबाओ’ म्हणजे ग्वांगशू सम्राटाच्या कारकिर्दीतील मौल्यवान नाणे, हृदयस्थानी बारीक मांचू लिपी आणि खाली वजन, अशी मांडणी रूढ झाली.

सम्राटाचा चेहरा मात्र नाही. चीनमध्ये तशी प्रथाच नव्हती. तिला एक ठळक अपवाद झाला आणि त्याला कारण झाला आपला रुपया. व्हिक्टोरिया राणीचा रुपया तिबेटात आणि पश्चिम सिचुआनात इतका रुळला होता, की त्याला शह देण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी सिचुआनमध्ये चिनी ‘रुपया’ पाडण्यात आला. राणीच्या जागी सम्राट ग्वांगशूची मुद्रा, पाठीवर फुलावेलींमध्ये चिनी अक्षरे. त्यावर ड्रॅगन नाही.

सम्राटाच्या चेहऱ्याऐवजी ड्रॅगन का? कारण चिनी कल्पनेत ड्रॅगन हे सम्राटाचेच चिन्ह. पाच नख्यांचा ड्रॅगन हा बादशाही मान. इतरांना चार नख्यांवर समाधान मानावे लागे. आपण इंग्रजी गोष्टींतून ओळखतो तो आग ओकणारा, राजकन्या पळवणारा ड्रॅगन निराळा. चिनी ड्रॅगन पाण्याचा स्वामी आहे. तो नद्यांत आणि समुद्रात राहतो, ढगांत चढतो, पाऊस पाडतो. चार समुद्रांचे चार ड्रॅगनराजे आहेत. त्याचे रूप नऊ प्राण्यांच्या अवयवांचे सांगितले आहे: शिंगे हरणाची, डोके उंटाचे, मान सापाची, खवले माशाचे, नख्या गरुडाच्या, पंजे वाघाचे, कान बैलाचे, असे. नाण्यावर त्याच्या तोंडाशी जो ज्वाळांनी वेढलेला गोल दिसतो तो मोती.

लहानपणी मी या ड्रॅगनला नागोबा समजत असे. आई नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढी, त्याच्याशी मी हा जुळवला होता. पुढे वाचताना कळले, की मी अगदीच चुकलो नव्हतो. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनी भाषेत गेले, तेव्हा ‘नाग’ या शब्दासाठी अनुवादकांनी ‘लोंग’ म्हणजे ड्रॅगन हाच शब्द वापरला. नागराज झाला ‘लोंगवांग’. आचार्य नागार्जुनांचे चिनी नाव ‘लोंगशू’, म्हणजे ड्रॅगन-वृक्ष. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याच्या बाहेर राणीसह बसलेला नागराज ज्यांनी पाहिला असेल, त्यांना चिनी सागरातल्या ड्रॅगनराजाचा हा दूरचा आप्त आहे, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

शाळेत सांगावी अशी एक ड्रॅगनकथाही आहे. पीत नदीच्या वाटेवर ‘लोंगमेन’ म्हणजे ड्रॅगनद्वार नावाचा धबधबा आहे. प्रवाहाविरुद्ध पोहत जाणारा जो मासा ते द्वार उडी मारून ओलांडतो, तो ड्रॅगन होतो. जुन्या चीनमध्ये सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या गरीब घरच्या मुलाला ‘याने ड्रॅगनद्वार ओलांडले’ असे म्हणत. आपल्या तुकडीतील कित्येकांच्या बाबतीत ते म्हणता आले असते.

कँटनच्या मागोमाग इतर प्रांतांनी टांकसाळी काढल्या. हूबेई, नानजिंगची ‘किआंगनान’, आन्हुई, फेंगतिआन, किरीन, चिहली, सिचुआन, युन्नान. प्रत्येकाचा ड्रॅगन थोडा वेगळा. कुठे मान जाड, कुठे ढग दाट, कुठे खवले मत्स्यासारखे. संग्राहकाला हे वैविध्य गोड वाटते. व्यापाऱ्याला तो ताप होता. एका प्रांताचे नाणे दुसऱ्या प्रांतात पूर्ण भावाने घेतले जाईच असे नाही. त्यातच १८९५ पासून ब्रिटिशांनी पूर्वेकडील व्यापारासाठी स्वतःचा चांदीचा डॉलर पाडायला घेतला, आणि तो मुख्यत्वे आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडला गेला. काही वर्षी इथे कोलकात्यातही. एका बाजूला त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलायी अक्षरे. त्रिशूळाच्या मधल्या फाळावर भिंगातून पाहिले तर मुंबईचे बारीक ‘बी’ हे अक्षर दिसते. चिनी बाजारात चिनी ड्रॅगनशी मुंबईत पाडलेली ब्रिटानिया स्पर्धा करीत होती, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा नसते.

अखेर १९१० साली पेकिंगच्या दरबाराने साऱ्या देशासाठी एकच नाणे ठरवले. १९११मध्ये ‘दाचिंग यिनबी’ म्हणजे महान चिंग राजवटीचे रौप्यनाणे पाडले गेले. त्याचे अनेक नमुने तयार झाले होते आणि संग्राहक ते ड्रॅगनच्या मिशांवरून ओळखतात: लांब मिशांचा, आखूड मिशांचा, वळलेल्या मिशांचा. शेवटचा प्रत्यक्ष चलनासाठी निवडला गेला. पण त्याच वर्षी १० ऑक्टोबरला वूचांगमध्ये उठाव झाला आणि काही महिन्यांत राजवटच संपली. एकसंध साम्राज्याचे पहिले एकसंध नाणे हेच त्याचे शेवटचे नाणे ठरले. १९१४ साली इटालियन कोरक लुइजी जॉर्जी यांनी कोरलेली अध्यक्ष युआन शिकाय यांची मुद्रा नाण्यावर आली. तिला लोक ‘युआनचे मोठे डोके’ म्हणत. १९२३ साली ड्रॅगन आणि फिनिक्स असलेले एक सुंदर नाणे तयार झाले. त्यावरच्या चिन्हाच्या मूळ आराखड्यात थोर लेखक लू शुन यांचा सहभाग होता. पण ते सर्रास चलनात आलेच नाही.

मग जुनी नाणी गेली कुठे? अमेरिकेने १९३४ साली चांदीखरेदीचा कायदा केला. जगभर चांदीचा भाव चढला आणि चीनची चांदी बाहेर ओढली जाऊ लागली. १९३५च्या नोव्हेंबरात चीनने चांदीचे चलन सोडून कागदी नोटा स्वीकारल्या आणि लोकांजवळची चांदी सरकारजमा करून घेतली. ड्रॅगन मुशीत गेले. जी थोडी नाणी घराघरांत दडवून राहिली किंवा स्थलांतरितांच्या कमरेला बांधून मलाया, रंगून, कोलकाता येथे पोहोचली, त्यांना पुढे आमच्यासारख्यांच्या भट्ट्या भेटल्या.

आता माझ्या खोट्या नाण्याकडे येतो.

ते नाणे मी वर्षानुवर्षे कंपासपेटीत बाळगले. ते बद्द वाजले होते, कडेला पिवळे दिसले होते, हे मला ठाऊक होते. पण मुलांना मी सांगत असे, की हे चीनच्या बादशहाचे खरे नाणे आहे. इतक्या वेळा सांगितले, की मलाही ते खरे वाटू लागले. १९७२ साली, मी नववीत असताना, शाळेत प्रदर्शन भरले. मी पुठ्ठ्यावर मखमलीचा तुकडा चिकटवला, नाणे मांडले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘चीनच्या सम्राटाचे अस्सल रौप्यनाणे’.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी विज्ञानाच्या सरांनी ते पाहिले. त्यांनी नाणे हातात घेऊन तोलले आणि मला प्रयोगशाळेत बोलावले. ते खोटे आहे असे ते म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘आर्किमिडीज शिकला आहेस ना? मग याचे विशिष्ट गुरुत्व काढ.’ मी नाणे दोऱ्याने तराजूला टांगले. हवेत २३.८ ग्रॅम. पाण्यात २१ ग्रॅम. वजनातली घट २.८. भागाकार केला: साडेआठ. सरांनी फळ्याकडे बोट केले. तिथे धातूंचा तक्ता होता. शुद्ध चांदी साडेदहाच्या जवळ. नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांबे असेल तर सुमारे १०.३. साडेआठ म्हणजे पितळ.

मी रडवेला झालो. खरे सांगायचे तर दुःख नाणे खोटे निघाल्याचे नव्हते. ते तर मला पाच वर्षे माहीत होते. दुःख आकड्याने पकडल्याचे होते. सरांनी विचारले, ‘नाणे काढून टाकायचे का?’ मी मान हलवली. ते म्हणाले, ‘कशाला? नाणे राहू दे. पाटी बदल.’

रात्री नवी पाटी लिहिली. ती आजही कपाटात आहे. शाई विटली आहे, पण वाचता येते: ‘चिनी रौप्यनाण्याची जुनी नक्कल. धातू पितळ, वर चांदीचा मुलामा. विशिष्ट गुरुत्व ८.५, शाळेच्या प्रयोगशाळेत काढले.’ प्रदर्शनात सर्वांत अधिक गर्दी त्या नाण्यापुढे झाली. जो तो विचारी, ‘खोटे कसे ओळखलेस?’ आणि मी दिवसभर आर्किमिडीज समजावून सांगत होतो. घरी गेल्यावर आबांना पाटीचा मजकूर सांगितला. ते एवढेच म्हणाले, ‘मास्तरांनी बरोबर टंच काढला.’

त्या नाण्यावरची चिनी अक्षरे वाचायला मला आणखी वीस वर्षे लागली. ती आहेत ‘किआंगनान’ आणि वर्षाचे नाव ‘ज्याछन’. चिनी पंचांगात दहा ‘दिव्य खोडे’ आणि बारा ‘पार्थिव शाखा’ यांच्या जोड्या लावून साठ वर्षांचे चक्र होते. बारा शाखांना उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन अशी बारा प्राण्यांची नावे आहेत. आपल्याकडेही गुरूच्या बारा वर्षांच्या पाच फेऱ्या म्हणजे साठ संवत्सरे, प्रभवापासून क्षयापर्यंत. ज्याछन हे ड्रॅगनचे वर्ष: १९०४. त्यात साठ मिळवा: १९६४, या शाळेच्या जन्माचे वर्ष. आणखी साठ मिळवा: २०२४. आपल्या पंचांगात पाहा: शके १८२६ क्रोधी, शके १८८६ क्रोधी, शके १९४६ क्रोधी. नाण्याचे, शाळेचे आणि आजच्या सोहळ्याचे वर्ष दोन्ही पंचांगांत एकाच नावाचे आहे. यात चमत्कार काही नाही, ही साठाची बेरीज आहे. पण ती जुळल्याचा आनंद मी लपवणार नाही.

यंदा ड्रॅगन वर्ष असल्याने बाजारात ड्रॅगनच्या नव्या नाण्यांची रेलचेल आहे. चीनने १९८१पासून प्राणिवर्षांची स्मारक नाणी काढायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाची पर्थ टांकसाळ आणि इंग्लंडची रॉयल मिंटही अशी मालिका काढतात. एक औंसाचे, म्हणजे ३१.१ ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध चांदीचे हे नाणे कुणी हातोहात खर्चत नाही. ते मुळी जपण्यासाठीच पाडलेले असते. काहींवर तुवालूसारख्या चिमुकल्या बेटराष्ट्राचे नाव असते आणि नाणे पडलेले असते पर्थमध्ये. मुलांना भेट द्यायला ते छान आहे. पण भाव वाढेल या आशेने घेणाऱ्यांना गलाईवाल्याचा मुलगा म्हणून एवढेच सांगतो: चांदीचे मोल किती, आणि डबी, रंग व प्रमाणपत्र यांचे किती, हे आधी वेगळे करून पाहा. विकायला जाल तेव्हा खात्रीने मिळते ते पहिले. दुसरे मिळेल की नाही, हे समोरच्या गिऱ्हाइकावर अवलंबून.

जुन्या ड्रॅगन नाण्यांच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी. त्यांच्या नकला फार जुन्या काळापासून होत आल्या आहेत आणि आज त्या अधिक सफाईने होतात. वजन पावणेसत्तावीसच्या आसपास नसेल, चुंबक ओढत असेल, नाद बद्द असेल, तर तिथेच थांबावे. ही परीक्षा उतरली तरी नाणे खरेच असेल असे नाही. चांदीच्याही नकला होतात. तेव्हा जाणत्याला दाखवावे. घरात जुने नाणे सापडले, तर ते चिंचेने, रांगोळीने वा दंतमंजनाने घासू नये. काळेपणा हा त्याचा जन्मदाखला असतो. शंभर वर्षांहून जुने नाणे आपल्या १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि ते परस्पर परदेशी नेता येत नाही, हेही परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणि गाळायचेच असेल तर? गरज माणसाला गाळायला लावते. त्या वृद्ध गृहस्थांना दोष देण्याची माझी योग्यता नाही. आबांनाही नाही, कारण त्या दहा नाण्यांच्या गलाईच्या मजुरीतून आमच्या घरी मीठमिरची आली असेल आणि कदाचित माझ्या शाळेची फीही. मीही पुढे तीस वर्षे तीच भट्टी चालवली. पण एक नियम केला: मुशीत टाकण्यापूर्वी प्रत्येक अनोळखी नाण्याचा कागदावर पेन्सिलीने ठसा घ्यायचा, वजन लिहायचे, आणि आणणाऱ्याला विचारायचे, हे तुमच्या घरी कुठून आले? नाव विचारायचे नाही. अशा तीन वह्या भरल्या आहेत. चांदी गेली, तिची हकिकत उरली. ज्यांच्या घरी आजही आजीची पेटी आहे, त्यांनी एवढे जरूर करावे. याला खर्च पेन्सिलीचा.

खरे ज्याछन नाणे मी आज शाळेला देत आहे. २०१२ साली, मागच्या ड्रॅगन वर्षी, ते घेतले. त्याचे विशिष्ट गुरुत्व मी स्वतः काढले आहे. मुख्याध्यापिकाबाईंना माझी एकच विनंती आहे. खरे नाणे आले म्हणून खोटे कपाटातून काढू नये. दोन्ही शेजारी ठेवावीत आणि प्रयोगशाळेतला तराजू मुलांच्या हाती द्यावा. कोणते खरे, ते त्यांना सांगू नये. त्यांनी टांगावे, मोजावे, भागाकार करावा, आणि मग पाटी त्यांनीच लिहावी.